वळचणीची फट

तंजावरच्या पश्चिम राजवीथीपासून आत वळलं की एक घर लागतं. खरं तर दोन. आजोबांच्या पिढीत वाटण्या झाल्या, चौकाच्या मधोमध भिंत आली आणि एका चौसोपी घराची दोन अर्धी घरं झाली. उत्तरेकडचं अर्धं अण्णांकडे, दक्षिणेकडचं त्यांच्या चुलतभावाकडे, तात्यांकडे. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५मध्ये शेवटचे शिवाजीराजे मुलगा नसताना वारले म्हणून इंग्रजांनी राज्य गिळलं. राज्य गेलं, पण राज्याबरोबर आलेली चिटणीस, फडणीस, पुराणिक मंडळी कुठे जाणार? ती राहिली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि भाऊबंदकी मात्र देशावरून आणली तशीच्या तशी.

तात्यांनी आपल्या अर्ध्यावरची कौलं उतरवून स्लॅब टाकला. अण्णांनी कौलं ठेवली. देशी नळीची कौलं, ताडाचे वासे, चुन्याच्या भिंती. स्लॅब पडल्यावर दोन-तीन वर्षांत ऐप्पशी या तमिळ महिन्याच्या पावसात अण्णांच्या मागच्या खोलीची भिंत वरून ओली होऊ लागली. (तिकडे खरा पाऊस आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतो, ईशान्येकडून.) ओल नेमकी सामाईक भिंतीवर. पलीकडे नवा स्लॅब. अण्णा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. दोन आकडे शेजारी दिसले की त्यांची बेरीज केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी बेरीज केली आणि मुन्सिफ कोर्टात दावा लावला. तात्यांच्या गच्चीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतं, नुकसानभरपाई मिळावी. दावा तारखांवर तारखा घेत म्हातारा होत चालला. दोन घरांत बोलणं उरलं ते श्राद्धाच्या दिवशी, तेही भटजींमार्फत.

अशात एका वैशाखात माईंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, मागच्या खोलीत ट्रंकांवर काळे दाणे दिसले. उंदीर, असं ठरलं. पिंजरा लावला, त्यात सुकं खोबरं ठेवलं. उंदीर सापडेना, दाणे वाढत गेले, आणि दुपारच्या शांततेत माळ्याच्या बाजूने बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. मग एका रात्री जेवणं चालू असताना एक वटवाघूळ थेट कूडात शिरलं. कूड म्हणजे तिकडच्या घरांतलं मधलं दालन.

अण्णांनी झाडू उचलला. छतावरचा पंखा गरगरत होता, दिवे लख्ख होते, आणि तो इवलासा जीव भिंतीभिंतीने गोल फिरत होता. दर फेरीला तो दालनाच्या मध्यावर खाली यायचा आणि भिंतीजवळ वर चढायचा. अण्णांना वाटलं, अंगावर येतंय. त्यांनी झाडू फिरवला. वटवाघूळ निसटलं, फळीवरची मान डोलावणारी तंजावर बाहुली मात्र खाली आली, आणि तळ जड असल्यामुळे आपली आपण उठून उभी राहिली. माईंनी काय केलं? उठून आधी पंखा बंद केला. मग कूडातले दिवे मालवले, आतल्या खोल्यांची दारं ओढून घेतली, चौकाकडचं दार सताड उघडलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर कुंभकोणमचं, जुन्या घराचं. त्यांनी हे लहानपणी पाहिलेलं. पाच-सात फेऱ्यांनंतर पाहुणा चौकातून वर गेला.

वटवाघूळ केसांत अडकतं, ते आंधळं असतं, घरात शिरलं की कुणीतरी जाणार, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. यातलं आंधळेपणाचंच घ्या. सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर आले १७९८मध्ये. त्याच्या चार-पाच वर्षं आधी इटलीत लाझारो स्पॅलान्झानी नावाच्या पाद्र्याने वटवाघळांची दृष्टी काढून घेऊन पाहिलं होतं. प्रयोग क्रूर होता, पण ती तरीही दोऱ्यांच्या जाळ्यातून अचूक उडत राहिली. पुढे जिनिव्हाच्या झुरीनने त्यांचे कान बंद केले तेव्हा ती आपटू लागली. कोडं सुटू लागायला १९३८ उजाडलं. अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिनने यंत्र लावून दाखवलं की वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात सारखं ओरडत असतं; पुढच्या काही वर्षांत ते परतणाऱ्या प्रतिध्वनीवर वाट काढतं हेही सिद्ध झालं. अंधारात ताणलेला बारीक दोरा ज्याला कळतो, त्याला अण्णांचं डोकं कळलं नसतं का? दालनाच्या मध्यावर ते खाली येतं ते उडण्याच्या पद्धतीमुळे. हल्ला वगैरे काही नसतो. त्याला फक्त बाहेरची वाट हवी असते, आणि आपण दिवे लावून, पंखा फिरवून, आरडाओरडा करून ती मोडून टाकतो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी मोहीम काढली. डांबराच्या गोळ्या माळ्यावर टाकल्या. त्या वासाने माईंचं डोकं दुखू लागलं, वर काही फरक पडला नाही. कडुनिंबाचा धूर केला. शंभराचा बल्ब माळ्यावर रात्रंदिवस लावून ठेवला. वटवाघळं वाशांवरून सरकून भिंतीच्या फटीत आणखी खोल गेली. कुणीतरी सांगितलं म्हणून ऐकू न येणारा आवाज काढणारी एक डबीही मागवली. तिचा परिणाम एवढाच झाला की प्लगची एक जागा अडली. शेवटी वाटेवरच्या एका हरकाम्याला बोलावून मागच्या खोलीतून दिसणारी लांब चीर भर दुपारी सिमेंटने भरून टाकली. काम फत्ते. शंभर रुपये जास्त दिले.

त्या रात्री कूडात एक नाही, चार वटवाघळं फिरली. पहाटे मागच्या खोलीच्या फरशीवर माईंना काहीतरी दिसलं. अंगावर केस नाहीत, गुलाबी, अंगठ्याच्या पेराएवढं, आणि जिवंत.

त्याच सकाळी कोत्तनार आला. कोत्तनार म्हणजे गवंडी. हा म्हातारा चुन्याच्या कामातला होता, देवळांच्या प्राकारांवर उमेदीचं आयुष्य घालवलेला. माईंनीच बोलावलं होतं. त्याने सुपल्यातले काळे दाणे घेऊन काडीने चिरडले. दाण्यांचा भुगा झाला आणि त्यात काहीतरी चमकलं.

“उंदराची लेंडी अशी चुरत नाही, अय्या. हे चमकतंय ते किड्यांचे पंख. किडे खाणारी जात आहे.” मग त्याने फरशीवरचं पिल्लू पाहिलं, वरची ताजी सिमेंटची रेघ पाहिली, आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

अण्णा गप्प.

“आया बाहेर गेल्या असतील तर पिल्लं आत कोंडली. आया आत असतील तर त्या तुमच्या घरातून वाट शोधणार. दोन्हीतलं एक होणारच.” त्याने झोळीतून छिन्नी काढली आणि हरकाम्याचं काम अर्ध्या तासात उखडलं. पिल्लाला उघड्या हाताने शिवू दिलं नाही. जुन्या जाड फडक्यात उचललं, खरबरीत गोणपाटाचा तुकडा चिरेच्या तोंडाशी टांगला आणि पिल्लू त्यावर लावून दिलं. त्याने नखांनी गोणपाट धरलं. “फरशीवर ठेवून काही होत नाही. यांची आई जमिनीवरून सहज उठू शकत नाही. उंचावर लागतं.” संध्याकाळी अंधार झाल्यावर पिल्लू तिथे नव्हतं. खाली पडलेलंही नव्हतं.

या छोट्या पाकोळ्यांची वीण उंदरासारखी नसते. एका वेळी एक पिल्लू, फार तर दोन. तेही पहिले काही आठवडे उडू शकत नाही. आई रात्री चरायला जाते, परत येते आणि एकमेकांवर लोंबणाऱ्या सगळ्या पिल्लांतून आपलं नेमकं त्याच्या आवाजावरून आणि वासावरून ओळखते. अशा वेळी फट बुजवणं म्हणजे पाळणाघराला बाहेरून कडी लावणं. आणि आपल्याकडे पंचांग पाहून हे टाळता येत नाही. वेगवेगळ्या जातींचे हंगाम वेगवेगळे, दक्षिणेत काही जातींना वर्षातून दोनदाही पिल्लं होतात. म्हणून ठरलेल्या महिन्यावर भरवसा न ठेवता पाहावं लागतं. कोत्तनारचं सगळं शास्त्र या एका क्रियापदात होतं.

“आता काय करायचं?” अण्णांनी विचारलं.

“आता काही करायचं नाही. पिल्लं उडेपर्यंत.”

“म्हणजे किती दिवस?”

“ती सांगतील.”

तोवरच्या सूचना त्याने माईंना दिल्या, अण्णांना नाही. माळ्याच्या तोंडावर कापड घट्ट लावायचं, म्हणजे चुकलेलं घरात येणार नाही. खाली वर्तमानपत्रं पसरायची. लेंडी कोरडी झाडायची नाही. आधी पाणी शिंपडायचं, नाकातोंडाला फडकं बांधायचं, कारण जुन्या साचलेल्या लेंडीच्या धुळीतून छातीचा आजार होऊ शकतो. गोळा झालेली शेवग्याच्या आणि कढीलिंबाच्या बुंध्याशी टाकायची. आणि कुणाला दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, बघू-नंतर करायचं नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

संध्याकाळी कोत्तनार यायचा होता. आला नाही. रात्री साडेसातला उगवला, तोंडाला कॉफीचा वास.

“कुठे होता?”

“पलीकडच्या गच्चीवर. तुमच्या भावाच्या. इथून काही दिसत नाही, अय्या. त्यांची खरी वाट तिकडून आहे. तुमच्या कौलांची वळचण त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर येते ना, तिथे भिंतीच्या डोक्यावर फट आहे. सगळी तिथूनच बाहेर पडतात. आतली चीर म्हणजे मागचं दार.”

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते माईंनी पाहिलं आणि त्या ताटं घ्यायला आत गेल्या. पलीकडच्या गच्चीवर! म्हणजे पुढचं काम तिथून करायचं, आणि तिथे चढायला तात्यांची परवानगी. अण्णांनी वकिलांना फोन केला. वकील म्हणाले, वादीने प्रतिवादीच्या आवारात जायचं तर अर्ज देऊ. तारीख पोंगलनंतरची मिळेल. मग त्यांनी हौसेने जोडलं की १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवली होती, २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. अण्णांची मात्र फळं खाणारी नव्हती. अण्णांनी आभार मानून फोन ठेवला.

कोत्तनारने आणखी एक अट घातली. शेवटचा चुना मी लावणार, पण किती बाहेर पडली आणि नंतर एकही उरली नाही, हे घरमालकाने स्वतः मोजायचं. “मी उद्या कामाला दुसरीकडे असेन. घर तुमचं आहे. तुम्ही बघा.”

तर अण्णा गेले. कसे गेले, दार कुणी उघडलं, याबद्दल दोन्ही घरांत दोन वेगळ्या हकिगती आहेत आणि त्यात मी पडत नाही. एवढं नक्की की ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी तात्यांच्या गच्चीवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि दोघं चुलतभाऊ वळचणीकडे तोंड करून बसले होते. बोलत नव्हते. लांब मोठ्या देवळाचं विमान दिसत होतं. राजराज चोळाने १०१०मध्ये पुरं केलेलं, दोनशे फुटांहून उंच. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे, १८०३मध्ये. घराण्याच्या इतिहासात भाऊ-भाऊ कसे वागले, हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात फटीच्या तोंडाशी काहीतरी हललं. एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. दुसरं आलं, तेही परतलं.

“घाबरतायत आपल्याला,” तात्या म्हणाले. कितीतरी वर्षांतलं थेट असं हे पहिलंच वाक्य.

घाबरत नव्हती. मदुरै कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि जी. मारिमुत्तु यांनी जवळच्या गुहेतल्या वटवाघळांवर वर्षानुवर्षं काम केलं. संध्याकाळ झाली की ती गुहेच्या तोंडापर्यंत येऊन उजेड तपासतात, अजून आहे असं दिसलं की मागे फिरतात. त्याहून नवलाची गोष्ट त्यांनी १९८१मध्ये मांडली. काही वटवाघळांना त्यांनी गुहेत खोल, कायमच्या अंधारात पिंजऱ्यात ठेवलं, जिथे दिवस-रात्र कळायचा मार्गच नाही. बाकीच्या वटवाघळांची ये-जा सभोवती चालू होती तोवर पिंजऱ्यातल्यांचं घड्याळ बरोबर चाललं. सोबत्यांची ये-जा नाहीशी झाली की ते सरकू लागलं. एकट्याला वेळ कळत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. माणसांवर कुणी करून पाहिला आहे की नाही, ठाऊक नाही.

मग एकदम सुरुवात झाली. एक, दोन, तीन सलग, मग थांबून एक. फटीतून निसटून थोडं खाली पडल्यासारखं करायचं आणि तिथून पंख उघडायचे. सगळं पंधरा-वीस मिनिटांत संपलं.

“एकतीस,” अण्णा म्हणाले.

“चौतीस,” तात्या म्हणाले.

“तू शेवटची तीन दोनदा मोजलीस.”

“तुम्ही मधली तीन सोडलीत. चष्मा पुसत होता.”

यावर जो वाद झाला तो माईंना खाली ऐकू आला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मोजावं लागलं. तिसऱ्याही. आकडा कधीच जुळला नाही, म्हणून बसणं सुटलं नाही.

त्या दिवसांत मेट्टूरचं पाणी आलं. धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडायची तिकडची प्रथा. मग कालवे भरतात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवैच्या भाताची लावणी सुरू होते आणि ओल्या शेतांतून किडे उठतात. तुडतुडे, खोडकिड्याचे पतंग, डास. पिलाला पाजणारी मादी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक किडे खाऊ शकते. थायलंडमध्ये अभ्यासकांनी वटवाघळं भातावरचे तुडतुडे खातात हे दाखवून किती धान्य वाचतं याचा अंदाजही मांडला आहे. तात्यांचं थोडं शेत आहे, खंडाने दिलेलं. रस्त्याच्या दिव्याभोवती गिरक्या घेणाऱ्या सावल्यांकडे बघत ते एकदा म्हणाले, “ही तुमच्या घरात झोपतात आणि माझ्या शेतात कामाला जातात.” अण्णांना हे आवडलं नाही. पण त्यांनी ते घरी येऊन माईंना सांगितलं.

तमिळ आडी महिन्यात एका संध्याकाळी फटीतून बाहेर पडणाऱ्यांत काही वेडीवाकडी उडणारी दिसली. एक कठड्यावर आपटता आपटता वाचलं. कोत्तनारला निरोप गेला. तो आला, दिवसा माळ्यावर कान देऊन बसला, मंद बॅटरीने एकदाच आत पाहिलं आणि म्हणाला, “अजून दोन आठवडे. आडी पेरुक्कु होऊ दे.” अठराव्या आडीला, पेरुक्कुच्या सणाला, दोन्ही घरांतल्या बायका नदीवर चित्रान्न घेऊन गेल्या, गेल्या एकाच रिक्षाने.

त्यानंतरचं काम तसं सोपं होतं, फक्त क्रम चुकवायचा नव्हता. आधी मुख्य वाट सोडून बाकीच्या सगळ्या फटी बंद केल्या. ज्या फटीत अंगठा शिरतो तिच्यातून ही मंडळी सहज जातात, म्हणून अंगठा हेच माप. कोत्तनारने चुना आणि वाळूत हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालून मळलेलं मिश्रण आणलं होतं. मग वळचणीच्या फटीवर वरून आणि दोन्ही बाजूंनी घट्ट ठोकलेली, खाली दोन-अडीच फूट मोकळी सोडलेली बारीक जाळी टांगली, डासांच्या जाळीसारख्या विणीची. “कोळ्याचं जाळं नको. पंख अडकतात.” आतून येणारं वटवाघूळ जाळीमागून खाली सरकतं आणि मोकळ्या कडेने उडून जातं. परतणारं मात्र सरळ जुन्या तोंडाशी येऊन जाळीवर बसतं, हुंगतं, खालची कडा त्याला सुचत नाही, आणि थोड्या वेळाने दुसरीकडे जातं. धरणं नाही, मारणं नाही, धूर नाही. पावसाची रात्र असली की किडे उडत नाहीत, वटवाघळंही बाहेर पडत नाहीत, म्हणून कोरडा आठवडा निवडला.

पहिल्या रात्री पुष्कळ गेली. दुसऱ्या रात्री थोडी. मग दोन संध्याकाळी काहीच नाही.

“अस्के गेले?” अण्णांनी विचारलं. अस्के म्हणजे तिकडच्या मराठीत सगळे.

“अजून एक रात्र बसू,” तात्या म्हणाले. बसले. एक निघालं. त्यानंतर मात्र खरंच कुणी नव्हतं.

तात्यांच्या मुलाने हौसेने लाकडाची एक चपटी पेटी करून मागच्या भिंतीला उंच टांगली होती, वटवाघळांसाठी नवं घर म्हणून. तिच्यात कुणी आलं नाही. असंही होतं.

फट बुजवण्याआधी कोत्तनारने ती साफ करायला घेतली. वाशाचं टोक हाताने तुटून आलं, आत भुसा. त्याच्यावरची तीन कौलं केव्हाची घसरलेली, आणि त्यांच्या खाली भिंतीच्या डोक्यावर पाण्याने चुना धुऊन नेऊन खोबण केलेली. तो बराच वेळ बोटाने चाचपत राहिला. दोघं भाऊ कठड्याशी उभे होते.

“अय्या, ही फट वटवाघळांनी केलेली नाही. ती काही कुरतडत नाहीत, पोखरत नाहीत, मिळेल त्यात राहतात. आधी कौल घसरलं. मग तुमच्याच कौलांवरचं पाणी इथे उलटं शिरू लागलं. वासा कुजला, चुना गेला, पोकळी झाली. वटवाघळं त्याच्या मागून आली.” त्याने भिंतीवरून बोट खाली ओढत नेलं. “आणि पाणी असं उतरतं. मागच्या खोलीत ओल येते का?”

कुणीच उत्तर दिलं नाही. अण्णांनी चष्मा काढला आणि पुसला, बराच वेळ पुसला. तात्यांच्या मनात काय आलं असेल ते येवो. वकिलाच्या फीचा आकडा त्यांना पाठ होता. त्यांनी विचारलं, “चुना किती लागेल? माझ्याकडे स्लॅबच्या वेळची वाळू पडली आहे.”

वासा बदलला. कौलं बसली. ऐप्पशीत चार दिवस धो धो पाऊस झाला आणि मागच्या खोलीची भिंत कोरडी राहिली. अण्णा रोज सकाळी तिला हात लावून येत. पाचव्या दिवशी त्यांनी वकिलांना फोन करून दावा मागे घ्यायला काय कागद लागतात ते विचारलं. वकिलांना वाईट वाटलं; म्हणाले, एवढी वर्षं झाली, निकाल आपल्या बाजूने लागायची शक्यता आहे. अण्णा म्हणाले, “तीच भीती आहे.”

कार्तिकात तात्यांच्या सूनबाई सकाळी सकाळी अण्णांच्या दारात आल्या. त्यांच्या पुढच्या दरवाजाच्या तुळईवर काळे दाणे दिसू लागले होते. आजच हरकाम्याला बोलावून सिमेंट भरून टाकते म्हणत होत्या.

“थांब,” अण्णा म्हणाले. “पिल्लं आहेत का, ते पाहिलंस?”

“नाही, मामंजी.”

“संध्याकाळी येतो. तात्याला सांग, खुर्च्या काढून ठेव. आणि म्हणावं, या वेळी मी चष्मा आधी पुसून येणार आहे.”